जेनकिन्समधून गिटहबवर पुश: डिप्लॉय की बरी की टोकन?

जेनकिन्सवर (कोड आपोआप बांधून तपासणारं साधन) बिल्ड हिरवा, टेस्ट पास, आणि शेवटच्या पुशला, म्हणजे बदल गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) पाठवताना, गाडं अडतं. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहबवर पासवर्डने पुश होत नाही, त्यामुळे बहुतेकांपुढे पर्याय दोन: एसएसएच डिप्लॉय की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) किंवा एचटीटीपीएसवर टोकन (पासवर्डच्या जागी द्यायची गुप्त अक्षरमाला).

डिप्लॉय की एकाच रेपोला (कोडच्या साठ्याला) बांधलेली. ती फुटली तरी नुकसान तेवढ्यापुरतं. ती जोडणारा माणूस टीम सोडून गेला तरी ती चालू राहते. क्लोन होतो (कोड उतरवता येतो) पण पुश होत नाही? मग की जोडताना लिहिण्याची परवानगी द्यायची राहिली असणार. मुळात ती फक्त वाचण्यापुरती असते. ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ दिसलं तर मात्र परवानग्या उकरत बसू नका. जेनकिन्स ज्या युजरने चालतो, त्याच्या नोन होस्ट्स फाइलमध्ये (ओळखीच्या सर्व्हरची यादी) गिटहबची होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख, नाही किंवा जुनी आहे. गिटहबने 24 मार्च 2023 ला आरएसए होस्ट की बदलली होती. स्वतःच्या लॅपटॉपवरून पुश करून खात्री करण्यात अर्थ नाही, तिथला युजरच वेगळा!

टोकन पटकन तयार होतं, अनेक रेपोंना चालतं. पण ते माणसाच्या खात्याला चिकटलेलं आणि बहुधा मुदतीचं. 403 (परवानगी नाकारल्याची एरर) आला तर आधी टोकनची परवानगी तपासा. यूआरएलमध्ये टोकन कोंबू नका, लॉगमध्ये उघडं पडतं.

एकच रेपो असेल तर मी डिप्लॉय कीच घेईन.

आणि ‘सोर्स रेफस्पेक जुळत नाही’ (पाठवायची ब्रँच सापडत नाही) अशी तक्रार आली तर की आणि टोकन दोन्ही निर्दोष: जेनकिन्स ब्रँचऐवजी थेट कमिट चेकआउट करतो, म्हणून ‘गिट पुश ओरिजिन हेड:मेन’ असं लिहा.