एका वेळी एकच विणकाम की चार-पाच?

दिवाळी झाली की आम्हा विणणाऱ्या मैत्रिणींत हा विषय निघतोच. हातातलं संपल्याशिवाय नवीन टाके घालायचेच नाहीत, की मनाला येईल तशी चार-पाच कामं चालू ठेवायची? मी दोन्ही करून बघितलंय. पाच-सहा वर्षं माझ्या कपाटात एका वेळी सहा-सहा पिशव्या असायच्या, आणि आता तीन हिवाळे एकाच कामावर आहे. तेव्हा दोन्हीकडचं जे अनुभवलं ते सांगते. तुमचा हात, तुमचा वेळ आणि तुमचं घर वेगळं असेल, हे धरूनच वाचा.

आधी चार-पाच कामांच्या बाजूने, कारण त्या बाजूला खरोखर बरंच काही आहे. प्रत्येक वीण प्रत्येक वेळी जमत नाही. वेणीची वीण घेतली की नजर हलवता येत नाही, जाळीच्या विणीत एक दोरा घ्यायचा राहिला तर चार ओळींनंतर कळतं. दिवसभर थकून आल्यावर हातात नुसत्या सुलट टाक्यांचा मफलर असेल तर जीव शांत होतो. एखादीला मनगटाचा त्रास असेल तर बारीक सुईचं आणि जाड सुईचं काम आलटून-पालटून केल्याने मला तरी आराम पडलाय. शिवाय आपल्याकडचं हवामान. एप्रिलमध्ये पुण्यात अर्धा झालेला स्वेटर मांडीवर घेऊन बसवत नाही, तळहाताला घाम येतो आणि लोकर सुईवरून सरकत नाही. तेव्हा सुती दोऱ्याचं क्रोशाचं तोरण किंवा रुमाल हाताशी असला तर हात चालू राहतो. आणि बाळंतविडा कुणाच्या सवडीसाठी थांबत नाही. टोपडं, मोजे, झबलं वेळेत द्यायचं तर मोठं काम बाजूला ठेवावंच लागतं.

हे सगळं मला मान्य आहे. तरी मी ती पद्धत सोडली, आणि त्याला कारण एकच आहे. सोडलेल्या कामाकडे परत येणं.

माझ्या वडिलांचा राखाडी स्वेटर होता. दिवाळीनंतर सुरू केला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, दुसऱ्या बाहीची बॉर्डर विणून वर थोडी गेले होते. तेवढ्यात नात्यात बाळ येणार म्हणून घाई सुरू झाली आणि मला त्याच सुया हव्या होत्या. बाहीचे टाके एका जाड दोऱ्यावर काढून ठेवले, सुया ओढून घेतल्या, पिशवीचं तोंड बांधलं. मनात होतं, पंधरा दिवसांत परत हातात घेऊ. पिशवी उघडली ती ऑक्टोबरमध्ये.

बाही दर सहाव्या ओळीला वाढवली होती की आठव्या? लिहून ठेवलं नव्हतं, कारण ठेवताना ते इतकं डोक्यात होतं की लिहायची गरजच वाटली नाही. मग तयार बाही दिव्याखाली धरून वाढवलेले टाके मोजत बसले. गडद राखाडी लोकर, रात्रीची वेळ, प्रत्येक मोजणीला वेगळा आकडा. ते कसंबसं लागलं. सुया कोणत्या, हे मात्र लागेना. आठ नंबर की नऊ? हातात धरून दोन्ही सारख्याच वाटतात. आठ म्हणजे 4 मिलिमीटर, नऊ त्याहून किंचित बारीक. मी नऊ घेतल्या, कारण त्या समोर होत्या. मुंड्यापर्यंत विणून झाल्यावर दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, तर नवी बाही बोटभर अरुंद.

उसवली. आठ नंबरच्या सुयांवर पुन्हा विणली. तरी ती पहिलीसारखी आलीच नाही. आठ महिन्यांत माझा हातच बदलला होता, मी दोरा जरा घट्ट धरायला लागले होते. उसवलेल्या लोकरीला कुरळेपणा येतो, तो वाफ देऊनही पूर्ण गेला नाही. जिथे टाके महिनोन्‌महिने दोऱ्यावर होते, तिथे आडवी रेघ आजही दिसते. वडील तो स्वेटर घालतात. उजवी बाही मनगटाच्या वर चढते, आणि ते ती खाली ओढतात ते मला प्रत्येक वेळी दिसतं.

तुम्ही म्हणाल, वहीत लिहून ठेवलं की झालं. अगदी खरं आहे, आणि ज्यांना ती शिस्त आहे त्यांना चार कामं पेलतात हे मी बघितलंय. एक मैत्रीण प्रत्येक पिशवीत चिठ्ठी ठेवते: सुईचा नंबर, टाके, ओळ, पुढे काय करायचं. ती सुयासुद्धा कामातून काढत नाही, दुसरी जोडी विकत घेते. पण चिठ्ठीत सुईचा नंबर येतो, दोरा बोटावर किती ओढून धरला होता ते येत नाही. आणि आंतरजालावरचा अमेरिकन नमुना असेल तर नंबर लिहूनही घोळ होतो, कारण तिकडचा आठ नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, तिकडे जाड. लिहिणारच असाल तर मिलिमीटरच लिहा.

लोकरीचीही एक गोष्ट आहे. तिच्याशिवाय तुलना अपुरी राहील. कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. काम लांबलं की एखादी लडी कमी पडते, आणि तोवर दुकानात तो लॉट उरलेला नसतो. रंग तोच म्हणून घेतलेली लडी उन्हात वेगळी दिसते. सलग विणलं तर कमी पडणार आहे हे दोन आठवड्यांत कळतं आणि दुकानात ती अजून मिळू शकते. शुद्ध लोकर असेल तर पिशवीत पडून कसर लागण्याची भीती वेगळी. मी सहा पिशव्या उपसल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं होतं. सव्वादोन किलो लोकर अर्धवट अडकली होती.

एकाच कामाचे तोटेही आहेत. मधला भाग कंटाळवाणा होतो, विशेषतः पाठीचा. ज्यांना सुरुवातीचाच आनंद मोठा वाटतो, नवी लोकर उलगडणं, पहिले टाके घालणं, त्यांना ही पद्धत जाचक वाटेल, आणि छंदात जाच असू नये. मोठं झालेलं काम प्रवासातही नेता येत नाही. त्यासाठी मी एवढी सूट घेते की पर्समध्ये एखादी कानटोपी असते, साबुदाण्याच्या विणीची, जिच्यात आठवण्यासारखं काही नाही आणि कधीही सोडून उचलता येते. तिच्या सुया मुख्य कामाला लागत नाहीत, हे मी कटाक्षाने पाळते.

दुसऱ्या बाहीचा प्रश्न मी असा सोडवला: दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, दोन वेगळ्या गोळ्यांनी, शेजारी-शेजारी विणते. वाढवायचं ते दोन्हीकडे एकाच ओळीत वाढतं, हात घट्ट झाला तर दोन्हीकडे सारखाच होतो. दोरे एकमेकांत अडकतात, म्हणून दर ओळीनंतर काम एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवायचं. मोज्यांनाही हीच युक्ती चालते.

तुमच्याकडे आत्ताच चार-पाच अर्धवट पिशव्या असतील तर सगळ्या एकदम संपवायचा निश्चय मी तरी करणार नाही. जिच्यात सुया अजून टाक्यांत आहेत आणि लोकर पुरेशी आहे, ती आधी उचला. जिच्या सुया कधीच निघून गेल्यात, तिच्या विणलेल्या भागातले 10 सेंटिमीटरमधले टाके मोजा, हाताशी असलेल्या सुईवर तेवढाच तुकडा विणून बघा, टाके जुळले नाहीत तर उसवून टाका. मी दोन उसवल्या. त्यातली निळी लोकर धुऊन, वाळवून पुन्हा गुंडाळली, आणि तिचाच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर सध्या सुईवर आहे, मुंड्यापर्यंत आलाय. बहिणीच्या शालीची लोकर आणून ठेवली आहे, सगळ्या लड्या एकाच लॉटच्या. ती संक्रांतीनंतर उघडेन.