‘मिस पेरिग्रिन्स होम फॉर पिक्युलिअर चिल्ड्रन’: छपाई तपासल्याशिवाय घेऊ नये अशी भयकादंबरी

रॅन्सम रिग्ज यांच्या या कादंबरीविषयी लिहावे असे बरेच महिने मनात होते, परंतु शेवटी लिहायला बसवले ते एका विक्रेत्याच्या उत्तराने. मी ऑनलाइन मागवलेल्या कागदी प्रतीत छायाचित्रांच्या जागी काळे चौकोन छापले गेले होते; कोठे एखादा पांढरा हात, कोठे फ्रॉकची कड, एवढेच काय ते ओळखू येत होते. तक्रार केल्यावर, मजकूर पूर्णपणे वाचता येत असल्यामुळे प्रत सदोष मानता येत नाही, असे मला कळवण्यात आले. अन्य कोणत्याही कादंबरीच्या बाबतीत हा युक्तिवाद मी निमूटपणे मान्य केला असता. या कादंबरीच्या बाबतीत मात्र तो साफ चुकीचा आहे.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेलच, कारण 2016 मध्ये टिम बर्टन यांनी त्यावर चित्रपटही केला. पुस्तक 2011 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वर्क बुक्सने प्रसिद्ध केले. रिग्ज यांच्याकडे आधी कथा नव्हती, आधी होती ती जुनी छायाचित्रे. अमेरिकेतील जुन्या बाजारांत आणि संग्राहकांकडे सापडणाऱ्या अनोळखी माणसांच्या विचित्र छायाचित्रांचे एक पुस्तक करावे, असा त्यांचा मूळ बेत होता, आणि त्यांतूनच कथा रचण्याची सूचना प्रकाशकांकडून आली. ही छायाचित्रे खरीखुरी जुनी असून थोड्यांचाच अपवाद वगळता त्यांवर काहीही संस्कार केलेले नाहीत, असा खुलासा पुस्तकाच्या शेवटी आहे आणि ती कोणाच्या संग्रहातील आहेत याची यादीही तेथे दिली आहे. मी ती यादी कथेइतक्याच उत्सुकतेने वाचली.

माझे पहिले वाचन ई-रीडरवर झाले, कारण ती आवृत्ती कागदी पुस्तकापेक्षा बरीच स्वस्त होती. तेव्हाचे माझे मत असे होते की छायाचित्रे ही निव्वळ विक्रीची क्लृप्ती आहे आणि ती काढून टाकली तरी कादंबरीचे काही बिघडणार नाही. करड्या रंगाच्या लहान पडद्यावर ती टपाल तिकिटाएवढी दिसत होती. शिवाय अक्षरांचा आकार वाढवला की पानांची मांडणी बदलून छायाचित्र कधी वर्णनाच्या आधी येई, तर कधी पुढच्या प्रसंगाच्या मधोमध. हा दोष किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या पुस्तकाच्या यशापयशाचा निम्मा भाग त्यावरच अवलंबून आहे.

कागदी पुस्तकात बहुतेक ठिकाणी वर्णन आधी येते आणि छायाचित्र नंतर. आरंभी आजोबा एब पोर्टमन आपल्या नातवाला, जेकबला, वेल्सजवळच्या एका बेटावरील अनाथाश्रमाच्या गोष्टी सांगतात आणि पुरावा म्हणून सिगारच्या पेटीतून जुनी छायाचित्रे काढतात: हवेत तरंगणारी मुलगी, भलामोठा दगड उचलणारा सडपातळ मुलगा, ज्याच्या कपड्यांच्या आत कोणी नाही असा एक मुलगा. आपण ते वाचतो, मनात एक चित्र तयार करतो, पान उलटतो आणि समोर एक खरे, कधीतरी कोणीतरी कॅमेऱ्यासमोर उभे राहून काढून घेतलेले छायाचित्र येते. ते इतके उघडपणे बनावट असते की हसू यावे, आणि तरीही ते पाहताना अस्वस्थ वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विल्यम ममलर नावाचा छायाचित्रकार मृत नातेवाइकांच्या धूसर आकृत्या ग्राहकांच्या पाठीमागे उभ्या करून देत असे. 1869 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि तो सुटला. काचेवर दोनदा प्रतिमा घेण्याची ती युक्ती माहीत असूनही लोक त्याच्याकडे जात राहिले असतील, तर ते का, हे या पहिल्या पन्नास पानांत कळते.

जेकब मोठा होतो, शाळेत त्याची थट्टा होते आणि तो या गोष्टींवर विश्वास ठेवणे सोडून देतो. पोलंडमधून एकटे बाहेर पडलेल्या ज्यू मुलाचे, म्हणजे लहानपणीच्या आजोबांचे, सर्व कुटुंब युद्धात मारले गेले, त्यामुळे आजोबांच्या गोष्टींतील राक्षस म्हणजे नाझीच असणार, असा उलगडा त्याचे वडील करतात. तो इतका पटण्याजोगा आहे की वाचकही तो स्वीकारतो. युद्धापूर्वीच्या महिन्यांत सुमारे दहा हजार मुले, बहुतेक ज्यू, आईवडिलांवाचून ब्रिटनमध्ये पोहोचली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तर तो अधिकच पटतो. मग फ्लोरिडातील घरामागच्या रानात आजोबा मरणासन्न सापडतात, पोलीस मोकाट कुत्र्यांना दोष देतात, आणि जेकबला झाडीत जे दिसते ते दुसऱ्या कोणालाही दिसत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला या प्रकरणातील संयम निश्चितच आवडेल.

विक्रेत्याचे प्रकरण येथे संपवून टाकतो. बदली म्हणून आलेली प्रतही तशीच निघाली. बहुधा तो सगळा साठाच कोठूनतरी नक्कल करून छापलेला असावा. छायाचित्रांची छायाचित्रे काढून पाठवावीत, असे मला सांगण्यात आले. काळ्या चौकोनांची ती छायाचित्रे पाहून त्यांना नेमके काय समजले कोण जाणे, पण पैसे परत मिळाले. त्यानंतर एका दुकानात उभे राहून, पाने चाळून, जाड कागदावर छापलेली महागडी प्रत घेतली. मुखपृष्ठावरील मुलीच्या पायांखालची सावली स्पष्ट दिसते की नाही, हे मी पैसे देण्यापूर्वी पाहिले.

या चांगल्या प्रतीने माझे मत पुन्हा बदलले, आणि दुर्दैवाने सर्वस्वी पुस्तकाच्या बाजूने नाही. छायाचित्रे नीट दिसू लागली तेव्हाच उत्तरार्धातील अडचण लक्षात आली. जेकब केर्नहोम बेटावर पोहोचतो, दलदलीतील थडग्यातून 3 सप्टेंबर 1940 या दिवसात शिरतो आणि जर्मन बॉम्ब घरावर पडण्याच्या क्षणी तोच दिवस रोज मागे फिरवणाऱ्या, अनाथाश्रमाच्या प्रमुख मिस पेरिग्रिन त्याला भेटतात. ही कल्पना उत्तम आहे. परंतु त्यानंतर एकेक मूल येते, आपली करामत दाखवते, आपले छायाचित्र देते आणि मागे सरते. शाळेच्या हजेरीपटातील नावे पुकारली जावीत तसे. पोटात मधमाश्या बाळगणारा ह्यू किंवा डोक्याच्या मागे तोंड असलेली क्लेअर या मुलांना छायाचित्रापलीकडचे आयुष्य नाही, कारण त्यांचा जन्मच छायाचित्रामुळे झाला आहे. पूर्वार्धात जे चित्र संशय निर्माण करीत होते तेच येथे ओळखपत्र होते, आणि भीती ओसरते. उरते ती साहसकथा. ती वेगवान आहे, पण मी पैसे साहसासाठी मोजले नव्हते. आजोबांवर प्रेम करणाऱ्या आणि तोच दिवस फिरत राहिल्यामुळे मुलगीच राहिलेल्या आश्रमातील एमाचे नातवाशी जुळणारे सूत तर मला अखेरपर्यंत खटकले, आणि लेखकाने ते जितक्या सहजपणे उरकले आहे तितके ते सहज नाही.

काळ्या चौकोनांची प्रत परत जाण्यापूर्वी माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने ती वाचून काढली होती, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तिला छपाईविषयी काहीही तक्रार नव्हती. तिला भीती वाटली ती हॉलोगास्टची, म्हणजे जेकबला झाडीत दिसलेल्या राक्षसाची, आणि तिचे म्हणणे असे की छायाचित्रे पाहिली असती तर ती कमीच वाटली असती. यावर मी बराच विचार केला. जेकबला दिसणाऱ्या त्या प्राण्याचा चेहरा पुस्तकातील एकाही छायाचित्रात उघड दिसत नाही. म्हणजे कोठे दाखवायचे नाही, हे रिग्ज यांना पक्के कळत होते. मग हेच तारतम्य मुलांच्या बाबतीत का बाळगले नाही, हा माझा प्रश्न अधिकच टोकदार होतो. भाचीला तो प्रश्न पडत नाही. तिला ह्यू आवडतो.

घ्यायचेच असेल तर कागदी प्रत घ्यावी, प्रत्यक्ष पाहून घ्यावी, आणि अनोळखी विक्रेत्याने निम्म्या किमतीला देऊ केली तर घेऊ नये. कथा या भागात पूर्ण होत नाही. मुले होड्यांतून बेट सोडतात आणि पुस्तक थांबते. पुढचा भाग 2014 मध्ये आला. तो मी वाचनालयातून आणला असून, त्यातील छायाचित्रे चांगली छापलेली आहेत.