नववीचा आढावा: रोजची डायरी की चाचणीनंतरचं पान?

रोजच्या डायरीत मन मोकळं होतं. नवे शिक्षक, बदललेली तुकडी, सगळं तिथे मावतं. पण काय टिपायचं हे ठरलेलं नसलं की सहामाहीच्या गडबडीत ती मागे पडते.

इंदूरच्या नववीकरांना आम्ही दुसरा मार्ग सुचवू. खजुरी बाजारातून शंभर पानी वही आणा. तपासलेला पेपर मिळाला की त्याच संध्याकाळी तीन रकाने भरा: चूक, कारण, उपाय. उशीर झाला की कारण आठवत नाही, नुसते गुण आठवतात. ‘गणित कच्चं’ असं मोघम नको. ‘−(क्ष − ३) सोडवताना −क्ष − ३ लिहिलं, −क्ष + ३ हवं होतं’ असं नेमकं लिहा. सीबीएसईच्या अंतर्गत २० गुणांपैकी ५ पोर्टफोलिओचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या संग्रहाचे. शिक्षकांना विचारून ही पानं त्यात लावा. मनातलं लिहायला वहीची मागची पानं आहेतच.