मूळ झिजतंय: रूट कॅनाल की दात काढणं?

सांगलीत मामांची दाढ किडली, लवंगेच्या तेलावर वर्ष काढलं. एक्स-रेत मुळाचं टोक खाल्लेलं दिसलं. खाणारे जंतू नव्हेत, आपल्याच पेशी! मेलेल्या नसेतले जंतू सूज पेटवतात; इंटरल्युकिन-१, टीएनएफ-अल्फा असे रासायनिक निरोप सुटतात, रँक-लायगंड हे झिजवणाऱ्या पेशींना जागवणारं प्रथिन वाढतं आणि हाड विरघळवणाऱ्या पेशींच्या भाऊबंद पेशी मुळाला लागतात. रँक-लायगंडला अडवणारा लगाम म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन, तो अपुरा पडतो.

रूट कॅनालमध्ये जंतूंचं घरच साफ होतं. निरोप थांबले की झीज बहुधा थांबते. गेलेलं मूळ मात्र परत येत नाही. दात काढला तर कटकट मिटते, पण तिथलं हाड आक्रसतं आणि कृत्रिम दाताचा (ब्रिज किंवा इम्प्लांटचा) खर्च उभा राहतो. मूळ पुरेसं उरलंय, म्हणून मामांना मी रूट कॅनालच सांगितलं. मूळ उभं चिरलेलं असतं, तर बहुधा दात काढण्याशिवाय इलाज नव्हता.