‘डेफिनिटिव्ह’ शोधून पाहा, मगच कोश घ्या

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्दकोश साधारण तीन जातींचे मिळतात: खिशात मावणारा इंग्रजी-मराठी, जाडजूड इंग्रजी-इंग्रजी-मराठी, आणि शिकणाऱ्यांसाठीचा निव्वळ इंग्रजी, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. मुखपृष्ठावर छापलेला शब्दांचा आकडा पाहून यातला कोणताही घेऊ नये. काउंटरवरच ‘डी’ची पाने उघडावीत आणि ‘डेफिनेट’ व ‘डेफिनिटिव्ह’ या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. दोन मिनिटांत कोशाचा दर्जा कळतो.

खिशातला कोश बहुधा इथेच अडखळतो. एका ओळीत एकच अर्थ बसवायचा असल्याने दोन्ही शब्दांपुढे ‘निश्चित’ येते. मराठीतला ‘निश्चित’ दोन्ही कामे करतो. लग्नाची तारीख निश्चित आहे म्हणजे ती ठरलेली, स्पष्ट आहे. वादाचा निकाल निश्चित झाला म्हणजे तो आता बदलणार नाही. इंग्रजीत ही कामे वाटलेली आहेत. पहिल्यासाठी डेफिनेट, दुसऱ्यासाठी डेफिनिटिव्ह. कार्यालयातून मिळालेले ‘डेफिनेट’ उत्तर म्हणजे स्पष्ट हो किंवा नाही, पण ते उद्या फिरू शकते. ‘डेफिनिटिव्ह’ उत्तरानंतर प्रश्नच मिटतो. म्हणून बैठकीची तारीख पक्की आहे असे कळवताना ‘डेफिनिटिव्ह डेट’ लिहिले, तर वाचणारा क्षणभर थबकतो.

जाडजूड त्रैभाषिक कोश एक पाऊल पुढे जातो, पण त्याचीही खोड आहे. निर्णायक, अंतिम, प्रमाणभूत, अधिकृत असे चार प्रतिशब्द स्वल्पविरामांनी जोडून तो मोकळा होतो. कुठला कुठे वापरायचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ‘निर्णायक’ हाती धरून विद्यार्थी सामन्यातल्या निर्णायक गोललाही डेफिनिटिव्ह म्हणतो. तिथे ‘डिसायसिव्ह’ हवे. ‘अधिकृत’ तर सरळ फसवते. कुटुंबाच्या संमतीने लिहिलेले चरित्र ‘ऑथराइज्ड’ असते. ‘डेफिनिटिव्ह’ चरित्र म्हणजे त्या व्यक्तीवरचे सर्वांत भरवशाचे आणि परिपूर्ण मानले जाणारे, मग संमती असो वा नसो. तो मान वाचक आणि अभ्यासक देतात, शिक्का नव्हे. भांडारकर संस्थेत 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवावी. इंग्रजीत तिचे नाव ‘क्रिटिकल एडिशन’ आहे, कारण हस्तलिखिते ताडून पाठ ठरवण्याची पद्धत त्यात सांगितली आहे. तिला कोणी ‘डेफिनिटिव्ह’ म्हटले, तर तो तिच्या योग्यतेबद्दलचा अभिप्राय झाला. हा फरक ज्या कोशातून कळेल, त्याला खुशाल पैसे मोजावेत.

आमची शिफारस लर्नर्स डिक्शनरीची. चांगल्या प्रतीत या शब्दाचे दोन अर्थ क्रमांक देऊन वेगळे केलेले असतात: आता बदल संभवत नाही असे, आणि आपल्या प्रकारातले सर्वोत्तम. प्रत्येकाखाली सोबतीची नामे मिळतात: उत्तर, पुरावा, करार एकीकडे, आवृत्ती, ग्रंथ, मार्गदर्शिका दुसरीकडे. उदाहरणांतली उपपदेही पाहावीत. पहिल्या अर्थात ‘अ डेफिनिटिव्ह आन्सर’ सहज चालते. दुसऱ्यात बहुतेकदा ‘द’ येते, कारण तसे पुस्तक एकच असते. नववी-दहावीच्या मुलांना मराठी अर्थाविना सुरुवातीला जड जाते, तेव्हा वर्षभर त्रैभाषिक कोश सोबत ठेवावा.

लर्नर्स कोश विशेष क्षेत्रांत मात्र तोकडा पडतो. टपाल तिकिटांत ‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे रोजच्या वापराची, पुन्हापुन्हा छापली जाणारी मालिका. स्मरणार्थ काढलेल्या तिकिटांच्या उलट. परजीवीशास्त्रात ‘डेफिनिटिव्ह होस्ट’ म्हणजे ज्याच्या शरीरात परजीवीचे लैंगिक प्रजनन होते तो जीव. हिवतापात हा मान डासाकडे जातो, माणसाकडे नाही, आणि ‘निश्चित यजमान’ असे भाषांतर केले की विद्यार्थी हमखास उलटे समजतो. कंपन्यांच्या बातम्यांतला ‘डेफिनिटिव्ह ॲग्रीमेंट’ हा प्राथमिक सामंजस्यानंतरचा बंधनकारक करार. भाषांतराचे काम करणाऱ्याने यासाठी त्या त्या विषयाचा परिभाषा कोश वेगळा घ्यावा.

मोबाइलवरच्या भाषांतर ॲपला सुटा शब्द देऊ नये, अख्खे वाक्य द्यावे. तरीही मराठीत ‘निश्चित’ आले, तर कोश उघडावाच.

पैसे देण्यापूर्वी छपाई तपासावी. सवलतीत मिळणाऱ्या नकली प्रतींत उच्चाराच्या खुणा पुसट असतात आणि इथे नेमकी तीच खूण लागते: ‘डेफिनेट’मध्ये जोर उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर, ‘डेफिनिटिव्ह’मध्ये दुसऱ्यावर, डि-फि-नटिव्ह असा. ‘डेफिनिटिव्ह’च्या स्पेलिंगमध्ये एफ, एन आणि टी या तिन्हींनंतर आय येतो. ए कुठेच नाही. ‘डेफिनेटली’ या आपल्याकडच्या उच्चारामुळे तो ए हटकून घुसतो, तेव्हा नोंद सापडत नाही म्हणून कोशाला दोष देण्याआधी ही अक्षरे एकदा मोजावीत.