‘ब्लू कट’ चष्मा : दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांनी घ्यावा का?

मुद्रितशोधनाचे काम आता जवळजवळ पूर्णपणे संगणकाच्या पडद्यावर होते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरणे, कपाळ जड होणे, मान वर केली की समोरची पाटी क्षणभर अंधूक दिसणे या तक्रारी आमच्या व्यवसायात सगळ्यांच्याच असतात. त्यामुळे नवा चष्मा करायची वेळ आली तेव्हा दुकानात सुचवलेल्या ‘ब्लू कट’, म्हणजे पडद्यातला निळा प्रकाश गाळतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, काचा मी मुद्दाम बसवून घेतल्या, आणि तुलनेसाठी त्याच नंबरचा, तशाच फ्रेमचा, साध्या अँटी-ग्लेअर काचांचा दुसरा चष्माही करून घेतला. दोन्ही आलटून पालटून वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

काच म्हणून पाहिले तर ‘ब्लू कट’मध्ये खोट काढण्यासारखे काही नाही. अक्षरे स्वच्छ दिसतात, कडेला वाकडेपणा जाणवत नाही आणि पाठीमागच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेवर फारसे उमटत नाही. प्रतिबिंब रोखण्याचा हा फायदा मात्र अँटी-ग्लेअर थराचा आहे आणि तो साध्या चष्म्यातही तितकाच मिळाला. ‘ब्लू कट’मुळे वेगळे झाले ते एवढेच की काचेच्या पृष्ठभागावर निळसर-जांभळी झाक चमकते, व्हिडिओ कॉलवर ती समोरच्याला ठळक दिसते, आणि काचेतून पाहताना पांढरे पान किंचित सायीच्या रंगाचे भासते. मजकूर वाचायला त्याची अडचण होत नाही, पण मुखपृष्ठाचे रंग तपासताना हा चष्मा मी बाजूला ठेवते. ज्यांचे काम छायाचित्रे, छपाई किंवा कापडाच्या रंगांशी निगडित आहे त्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. दिवसअखेरीच्या थकव्यात दोन चष्म्यांमध्ये मला फरक जाणवला नाही.

या काचा विकण्यासाठी काउंटरवर जे प्रात्यक्षिक दाखवले जाते त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. “ताई, हे बघा,” असे म्हणून विक्रेता पेनासारखा छोटा लेसर कागदाच्या कार्डावर मारतो आणि कार्डावर जांभळा-निळा ठिपका उमटतो. मध्ये ‘ब्लू कट’ काच धरली की ठिपका नाहीसा होतो, आणि साधी काच धरली तर तो तसाच राहतो. पाहणाऱ्याला वाटते की संगणकातून येणारा निळा प्रकाशही असाच अडतो. परंतु अशा पेनांतून निघणारा प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या रंगाचा असतो, तर एलईडी पडद्यातील निळ्या प्रकाशाचा जोर ४५० नॅनोमीटरच्या जवळपास असतो. काच पहिला प्रकाश अडवते हे खरे आहे, पण संगणकाच्या पडद्यातून तो जवळजवळ येतच नाही. दुसरा प्रकाश तिने खरोखर अडवला असता, तर ती पिवळी किंवा नारिंगी दिसली असती आणि निळ्या वस्तूंचा निळेपणाच हरवला असता. पडद्यावर गडद निळा चौकोन काढून त्याकडे काचेतून आणि काचेशिवाय पाहावे, म्हणजे हे कोणालाही घरीच पडताळता येईल. माझ्या चष्म्यातून तो जवळपास तितकाच निळा दिसतो. प्रचलित ‘ब्लू कट’ काचा साधारण १० ते २५ टक्के निळा प्रकाश गाळतात.

पण मुळात तो गाळण्याची गरज आहे का? निळ्या प्रकाशाची भीती निराधार कल्पनेतून आलेली नाही. तीव्र निळा प्रकाश इतर रंगांच्या तुलनेत कमी मात्रेतच दृष्टिपटलाला इजा करतो, हे १९७६ साली माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील प्रयोगशाळेचे एक संशोधन ‘फोनमुळे अंधत्व’ अशा मथळ्यांनी जगभर पसरले. मात्र ते प्रयोग जिवंत माणसाच्या डोळ्यावर नव्हे, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाले होते, आणि फोनच्या प्रकाशाने कोणी आंधळे होत नाही, असा खुलासा अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने लगेच केला. निर्णायक मुद्दा मात्रेचा आहे. पडद्यातून डोळ्यांपर्यंत पोहोचणारा निळा प्रकाश दिवसाच्या नैसर्गिक उजेडातील निळ्या प्रकाशाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकाच असतो. दुपारी उघड्या अंगणात उभे राहिल्यावर जे डोळ्यांना सहज सोसते, त्याच्या इतक्या छोट्या अंशाने दृष्टिपटल जळेल, हे मानायला आधार नाही. संगणकासाठी खास चष्म्याची शिफारस ही संस्था करत नाही, ती याच कारणाने.

राहिला प्रश्न थकव्याचा. या काचांवर झालेल्या १७ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत ‘ब्लू कट’मुळे डोळ्यांवरचा ताण अल्पावधीत कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष आहे. या चाचण्या जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या होत्या, हे त्याच आढाव्यात नमूद आहे आणि ते विसरू नये. ब्रिटनमध्ये तर बूट्स ऑप्टिशियन्स या मोठ्या साखळीला अशाच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल चष्म्याच्या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या तेथील जनरल ऑप्टिकल कौन्सिलने २०१७ मध्ये ४० हजार पौंडांचा दंड केला होता.

मग डोळे दमतात कशाने? एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावून पाहताना निम्म्याहूनही कमी वेळा लवते. त्यामुळे बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो, आणि वर पंखा किंवा समोर एसीचा झोत असेल तर तो अधिकच लवकर सुकतो. दुसरे कारण म्हणजे जवळच्या वस्तूवर नजर तासन्तास खिळवून ठेवणाऱ्या स्नायूंचा थकवा. तिसरे, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कारण, म्हणजे चुकीच्या अंतरासाठी काढलेला नंबर. चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. संगणक त्याहून लांब, हातभर अंतरावर असतो. प्रोग्रेसिव्ह काचा (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) वापरणारे लोक पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहतात आणि मानेचे दुखणे ओढवून घेतात. माझे दोन्ही चष्मे करून देणाऱ्या दुकानातील ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे डोळे तपासणाऱ्या तज्ज्ञाने, नंबर काढण्याआधी माझा पडदा डोळ्यांपासून किती लांब आणि किती उंच असतो हे विचारले, खुर्चीत बसवून ते अंतर मोजले आणि त्याच अंतरावर अक्षरे वाचून घेतली. माझ्या तक्रारी कमी झाल्या त्या या तपासणीमुळे, आणि दोन्ही चष्म्यांनी सारख्याच कमी झाल्या. या सेवेला मी मनापासून पूर्ण गुण देते.

झोपेचा विषय थोडा वेगळा आहे. रात्रीचा प्रकाश, त्यातही निळा, मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक उशिरा स्रवायला भाग पाडतो, हे नक्की. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्यापूर्वी प्रकाशमान ई-रीडरवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली होती. पण त्यासाठी जवळपास पारदर्शक काच विकत घेण्यापेक्षा फोनची चमक कमी करणे किंवा त्यातच असलेली रात्रीची सोय चालू करणे अधिक साधे आहे आणि त्याला खर्चही नाही.

माझी खरी हरकत शून्य नंबरच्या ‘ब्लू कट’ चष्म्यांना आहे, विशेषतः ऑनलाइन शिकवणीच्या नावाखाली मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या चष्म्यांना. मुलांमध्ये वाढणारी चिंता लघुदृष्टीची, म्हणजे वजा नंबरची आहे, आणि तिथे अंगणातला वेळ कामी येतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर काढणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी झाली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. शिवाय शून्य नंबरचा चष्मा लावून ‘डोळ्यांची काळजी घेतली’ असे पालकांना वाटले, तर खरा नंबर तपासायचा राहून जातो. मुलाची डोकेदुखी किंवा फळा न दिसणे हे नेत्रतज्ज्ञांकडे नेण्याचे कारण आहे.

मोठ्यांपैकी ज्यांना नंबर आहे त्यांना ‘ब्लू कट’ काचा मिळाल्याच, तर त्यांनी काही बिघडत नाही; मी माझा चष्मा टाकून दिलेला नाही. मात्र साध्या अँटी-ग्लेअर काचांपेक्षा त्यांच्यासाठी काही शे रुपये अधिक मोजावे लागतात आणि बऱ्याच दुकानांत न विचारताच त्या मागणीत लिहिल्या जातात. ‘ब्लू कट नको, फक्त अँटी-ग्लेअर द्या’ असे आधी सांगितले तर दुकानदार तसे करून देतो. माझा दुसरा चष्मा याच दुकानाने कोणतीही खळखळ न करता तसाच करून दिला.