नवजात बाळाचं हृदय: स्टेथोस्कोप की पल्स ऑक्सिमीटर?
प्रसूतीनंतर आरोग्य केंद्रात बाळ जेमतेम दोन दिवस असतं. तेवढ्यात नुसत्या स्टेथोस्कोपवर विसंबणं धोक्याचं: हृदयाच्या गंभीर दोषातही मर्मर (ठोक्यांमधला जादा घरघर आवाज) ऐकू येईलच असं नाही, आणि सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही. इथे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर सरस. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हातावर आणि एका पावलावर ऑक्सिजन मोजा. कुठेही ९० टक्क्यांखाली आकडा आला तर लगेच पुढे पाठवा. दोन्हीकडे ९५ पेक्षा कमी किंवा फरक ३ पेक्षा जास्त, तर तासाभराने पुन्हा मोजा. गार पाऊल आकडा फसवतं, आधी ऊब द्या.

हृदयाच्या पडद्यातलं छिद्र मात्र ऑक्सिमीटरला सहसा सापडत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्याच्या लसीकरणावेळी स्टेथोस्कोप हवाच. आईला विचाराही: दूध पिताना घाम, धाप?